सरकारी रुग्णालयातला जैववैद्यकीय कचरा: वॉर्डातल्या बादलीपासून कंपनीच्या गाडीपर्यंत

जैववैद्यकीय, म्हणजे उपचार आणि तपासण्यांतून निघणाऱ्या कचऱ्याच्या खोलीला टाइल्स लावलेल्या असतात, दारावर जैवधोक्याचं चिन्ह असतं, वहीत रोजचं वजन नीट लिहिलेलं असतं. आणि पिवळी, म्हणजे जाळायच्या कचऱ्याची पिशवी उघडली की आत सलाइनच्या नळ्या, ग्लोव्हजची रॅपरं, अर्धवट खाल्लेली केळी. बऱ्याच सरकारी रुग्णालयांत हेच दिसतं, कारण काम मागच्या टोकाकडून सुरू होतं: आधी खोली, मग वही, मग भिंतीवर पोस्टर, आणि ड्रेसिंग ट्रॉलीशेजारी कोणती बादली ठेवायची हा प्रश्न सगळ्यात शेवटी. क्रम नेमका उलटा हवा.

कचरा एकदा मिसळला की तो पुन्हा वेगळा करता येत नाही. पिशवी उघडून हाताने निवडणं धोक्याचं आहे आणि नियमालाही धरून नाही. पिवळी पिशवी बहुतांशी भट्टीत जळते, म्हणून तिच्यात पीव्हीसीची (क्लोरीनयुक्त प्लास्टिकची) नळी गेली तर धुरातून डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं बाहेर पडतात. लाल पिशवीतलं प्लास्टिक निर्जंतुक करून, तुकडे करून पुन्हा वापरात जातं, म्हणून तिच्यात सुई गेली तर ती कुणाच्या तरी हातात घुसते. कोणती वस्तू कुठे जाणार हे ठरतं ते सिस्टर किंवा डॉक्टर ती हातातून सोडतात त्या दोन सेकंदांत. बाकीची सगळी व्यवस्था त्या दोन सेकंदांसाठी करायची असते.

पुढचे टप्पे 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय समोर ठेवून लिहिले आहेत. उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात ठिकाणं वाढतात, क्रम तोच राहतो. आधार आहे तो जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 आणि त्यातल्या नंतरच्या दुरुस्त्यांचा.

## टप्पा 1: कचरा कुठे जन्मतो ते आधी फिरून पाहा

हातात कागद घ्या आणि कॅज्युअल्टीपासून (अपघात विभागापासून) निघा. परिसेविका (वॉर्डाच्या प्रमुख सिस्टर) आणि त्या वॉर्डात सफाई करणारे एक मामा किंवा मावशी सोबत हवेतच, कारण कुठली बादली प्रत्यक्षात कुणी वापरत नाही हे त्यांनाच माहीत असतं. कॅज्युअल्टी, इंजेक्शन रूम, ड्रेसिंग रूम, लेबर रूम (बाळंतपणाची खोली), ओटी (शस्त्रक्रियागृह), प्रयोगशाळा, लसीकरण कक्ष, दंत विभाग, स्त्री आणि पुरुष वॉर्डातली नर्सिंग स्टेशनं. प्रत्येक ठिकाणी थांबून तीनच गोष्टी लिहा: इथे काय निघतं, किती निघतं, आणि टाकणाऱ्याचा हात कुठपर्यंत पोचतो.

तिसरी नोंद सगळ्यात महत्त्वाची. ड्रेसिंग टेबलापासून बादली चार पावलं लांब असेल, तर गर्दीच्या वेळी रक्ताचा कापूस आणि ग्लोव्हज एकाच ट्रेमध्ये पडतात आणि नंतर एकत्रच जवळच्या बादलीत जातात. बादली हाताच्या अंतरावर हवी आणि झाकण पायाने उघडणारं हवं.

प्रत्येक ठिकाणी पिवळा, लाल, पांढरा, निळा असे चारही रंग ठेवायचा हट्ट मात्र नको. रुग्णाच्या खाटेजवळ फक्त घरगुती कचऱ्याची बादली ठेवा. तिथे पिवळी ठेवली की नातेवाईक तिच्यात डब्यातलं उरलेलं अन्न टाकणार, आणि त्यांचा त्यात दोष नाही. बाळंतपणाच्या वॉर्डातल्या स्वच्छतागृहात मात्र पिवळी बादली लागतेच, कारण रक्ताचे पॅड तिथेच बदलले जातात. ती नसेल तर पॅड खिडकीतून मागे पडतात नाहीतर संडास तुंबतो.

तपासा: यादीतल्या प्रत्येक ठिकाणी उभं राहून हात लांब करा. बादलीपर्यंत हात पोचत नसेल तर बादली हलवा.

## टप्पा 2: पिशव्यांचा हिशेब महिन्याचा नको, तिमाहीचा मांडा

वर्गीकरण बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण अज्ञान नसून संपलेला साठा आहे, असं माझं ठाम मत आहे. लाल पिशव्या संपल्या की दोन दिवस सगळं पिवळ्यात जातं. त्या दोन दिवसांत लागलेली सवय मोडायला पुढे दोन महिने लागतात.

हिशेब सोपा आहे. समजा पिवळी बादली 8 ठिकाणी आहे आणि पिशवी दिवसातून दोनदा बदलते. 8 गुणिले 2 गुणिले 30, म्हणजे महिन्याला 480. त्यात पाव भाग राखीव धरला की 600. असा प्रत्येक रंगाचा आकडा काढा, तीनने गुणा आणि तेवढं इंडेंट (मागणीपत्र) द्या. साठा एक महिन्यावर आला की पुढचं इंडेंट गेलंच पाहिजे. पुरवठा येईपर्यंत दिवस जातात, ते याच महिन्यात बसतात.

मागणीत काय लिहायचं त्याकडेही लक्ष द्या. पिशव्या क्लोरीनरहित प्लास्टिकच्या हव्यात. क्लोरीनयुक्त पिशव्या आणि ग्लोव्हज वापरातून काढायची मुदत 27 मार्च 2019 लाच संपली आहे. पिशवीवर जैवधोक्याचं चिन्ह छापलेलं हवं. सुया-ब्लेडच्या पांढऱ्यासाठी पिशवी चालत नाही. न टोचला जाणारा, न गळणारा आणि एकदा बंद केल्यावर उघडता न येणारा डबा लागतो. काचेच्या निळ्यासाठीही न टोचला जाणारा, निळी खूण असलेला डबाच लागतो. पूर्वी इथे पुठ्ठ्याचं खोकं चालायचं, म्हणून जुनी खोकी अजून काही स्टोअरमध्ये पडून आहेत. ती वापरू नका.

सावध: भरलेली पिशवी मोठ्या पिशवीत रिकामी करून तीच परत बादलीला लावायची पद्धत काही ठिकाणी आहे. काटकसर म्हणून ती सुरू होते, आणि ओतताना उडालेले शिंतोडे मावशींच्या अंगावर जातात. पिशवी एकदाच वापरायची.

## टप्पा 3: हात तयार करा

कचरा उचलणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस हवी. हिपॅटायटिस बीचे तीन डोस: पहिला आज, दुसरा एक महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. यात कंत्राटी सफाई कामगार हमखास सुटतात. कंत्राटदार माणूस बदलतो, नव्या माणसाची नोंद कुठेच नसते, आणि पहिली सुई त्यालाच टोचते. लसीचं रजिस्टर अधिसेविकांकडे (मेट्रनकडे) ठेवा आणि त्यात नियमित व कंत्राटी असा भेद करू नका. कामाला लागण्याआधी आरोग्य तपासणी आणि नंतर वर्षातून एकदा, हेही नियमातच आहे.

साधनं: जाड रबरी हातमोजे, गमबूट, एप्रन, मास्क. तपासणीचे पातळ ग्लोव्हज घालून पिशव्या उचलणं म्हणजे मोकळ्या हाताने उचलण्यासारखंच आहे. सुई त्यांना जुमानत नाही. गमबूट प्रत्येकाच्या मापाचे घ्या. एकच माप मागवलं की ते कपाटात राहतात आणि मावशी चपलेवर फिरतात.

प्रशिक्षण रुजू होताना आणि पुढे दरवर्षी किमान एकदा सक्तीचं आहे. सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून ते होत नाही. बादल्यांसमोर उभं करा, ट्रेमध्ये न वापरलेल्या वीस वस्तू ठेवा, आणि एकेकाला त्या टाकायला सांगा. वीस मिनिटं पुरतात. डॉक्टरांनाही बोलवा, विशेषतः इंटर्न आणि नव्याने आलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना. सगळं शिकून झालेल्या सिस्टरच्या मेहनतीवर एक डॉक्टर दोन मिनिटांत पाणी फिरवू शकतो.

## टप्पा 4: टाकायच्या जागीच वर्गीकरण

पिवळी पिशवी: जे जाळायचं ते. वार (बाळंतपणात बाळामागून बाहेर पडणारा गोळा), कापलेले अवयव, ऊती, रक्ताने किंवा स्रावाने भिजलेला कापूस, गॉज, बँडेज, प्लास्टर, वापरलेली रक्ताची पिशवी, मास्क, टोपी, वापरलेले पॅड आणि डायपर, टाकून द्यायचे रक्ताळलेले कपडे आणि गाद्या.

लाल पिशवी: दूषित पण पुन्हा वापरात जाणारं प्लास्टिक आणि रबर. आयव्ही सेट (सलाइनची नळी), सलाइनची प्लास्टिक बाटली, कॅथेटर, युरोबॅग (लघवीची पिशवी), रायल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज. युरोबॅग आधी संडासात रिकामी करा. लघवीसकट टाकलेली पिशवी वजनात भर घालते आणि वाटेत फुटते.

पांढरा डबा: टोचणारं, कापणारं धातूचं सगळं. सुया, ब्लेड, टाके घालायची सुई, लॅन्सेट, सुई जोडूनच येणारी इन्शुलिनची सिरिंज.

निळा डबा: काच. औषधाच्या व्हायल, अँप्यूल, फुटलेल्या बाटल्या. अस्थिशल्यक्रियेतून निघालेल्या धातूच्या पट्ट्या आणि स्क्रूही इथेच. कर्करोगाच्या औषधाची व्हायल मात्र निळ्यात नाही. ती पिवळ्यात, वेगळं लेबल लावून.

यादी पाठ करण्यापेक्षा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणलेला बरा. लेबर रूममध्ये एक साधं बाळंतपण झालं. वार पिवळ्यात. भिजलेले पॅड आणि गॉज पिवळ्यात. ऑक्सिटोसिनची अँप्यूल निळ्यात. ते दिलं त्या सिरिंजची सुई कापून पांढऱ्यात, सिरिंज लालमध्ये. बाळाच्या तोंडातला स्राव ओढलेली नळी लालमध्ये. नाळ कापलेलं ब्लेड आणि टाक्याची सुई पांढऱ्यात. ग्लोव्हज लालमध्ये, पण ग्लोव्हजचं कागदी पाकीट साध्या कोरड्या कचऱ्यात. चादर धुऊन परत वापरायची असेल तर ती कचरा नाहीच, ती लाँड्रीत. एका बाळंतपणातून इतक्या वाटा फुटतात. म्हणून लेबर रूममध्ये चारही रंग आणि साधी बादली अशी पाचही भांडी हवीत, आणि ती टेबलाच्या पायथ्याशी हवीत.

हमखास होणारी एक चूक इंट्राकॅथची, म्हणजे सलाइनसाठी शिरेत लावायच्या नळीची. लावताना आतली सुई बाहेर येते ती लगेच पांढऱ्यात. ट्रेमध्ये ठेवायची नाही. दोन दिवसांनी काढलेली प्लास्टिकची कॅन्युला लालमध्ये, आणि तिच्यावरची रक्ताळलेली चिकटपट्टी पिवळ्यात. स्काल्प व्हेन सेटला (शिरेत लावायच्या बारीक नळीला) सुई चिकटलेलीच असते, म्हणून आधी कापायची, मग नळी लालमध्ये.

वारेबद्दल एक सांगायला हवं. काही भागांत घरचे लोक वार मागतात, पुरायची रीत असते. त्यांना तोडून बोलू नका. ती शरीरातली ऊती आहे, तिच्यातून संसर्ग होऊ शकतो, आणि तिची विल्हेवाट लावायची जबाबदारी नियमाने रुग्णालयाची आहे, हे बाळंतपणाआधीच सासूबाईंना किंवा आईला शांतपणे सांगितलं की बहुतेक वेळा वाद होत नाही. गर्भपातातला, पोटाबाहेर जगू शकेल इतका न वाढलेला गर्भ पिवळ्या पिशवीतच जातो, पण सोबत डॉक्टरांच्या किंवा वैद्यकीय अधीक्षकांच्या वैद्यकीय गर्भपात प्रमाणपत्राची प्रत द्यावी लागते. प्रत नसेल तर पिशवी देऊ नका.

मुदत संपलेल्या गोळ्या-औषधं वॉर्डातल्या बादलीत टाकायची नाहीत. ती स्टोअरला परत, तिथे निर्लेखन (हिशेबातून अधिकृतपणे कमी करणं), आणि मग यादीसह पिवळ्या पिशवीतून प्रक्रिया केंद्राकडे, म्हणजे कचरा नेऊन त्याची विल्हेवाट लावणाऱ्या कंपनीकडे.

सावध: रिकामी खोकी, रॅपरं, चहाचे कप, जेवण यांपैकी काहीही रंगीत पिशवीत नको. तसंच उलट: रंगीत पिशवीतलं काहीही नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या घंटागाडीत नको. सलाइनच्या बाटल्या भंगारवाल्याला विकणं नियमबाह्य आहे, मग त्या धुऊन का विकलेल्या असेनात.

तपासा: रात्रपाळी संपताना, सकाळी सातच्या सुमारास, एका वॉर्डातल्या बादल्यांची झाकणं उघडून वरूनच पाहा. हात घालू नका. दिवसा सगळं बरोबर असतं; खरी स्थिती सकाळी सातला कळते.

## टप्पा 5: सुई

सुईसाठी वेगळा टप्पा, कारण रुग्णालयातल्या माणसाला सगळ्यात जास्त इजा तीच करते.

1. इंजेक्शनला निघतानाच नीडल कटर किंवा हब कटर (सुई कापायचं छोटं यंत्र) ट्रॉलीवर हवा. कटर नर्सिंग स्टेशनवर आणि सिस्टर सातव्या खाटेजवळ, ही मांडणी चुकीची.
2. इंजेक्शन दिल्यावर टोपण परत लावायचं नाही. बऱ्याच टोचण्या टोपण लावताना आणि ट्रे आवरताना होतात.
3. एका हाताने सिरिंज धरून सुई कटरमध्ये घाला. सुई पडते कटरच्या डब्यात, सिरिंज लाल पिशवीत.
4. सुई हाताने वाकवायची, तोडायची किंवा फिरवून काढायची नाही.
5. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. वरून दाबून, हलवून जागा करायची नाही. भरलेला डबा दुसऱ्या डब्यात ओतायचा नाही.

कटरचं पातं बोथट होतं. सुई कापली न जाता नुसती वाकली की समजा वेळ झाली. बोथट कटर सगळे वापरायचं सोडून देतात, पण तक्रार कुणी करत नाही. म्हणून दर सोमवारी प्रत्येक कटर एका कोऱ्या सुईवर तपासायची जबाबदारी एका व्यक्तीला नावानिशी द्या.

लसीकरण सत्र गावात असेल तर हब कटर, लाल पिशवी आणि व्हायलसाठी डबा एएनएम (आरोग्यसेविका) ताईंसोबत गेला पाहिजे, आणि संध्याकाळी हे सगळं परत आलं पाहिजे. अंगणवाडीच्या मागे खड्ड्यात काही टाकायचं नाही.

## टप्पा 6: प्रयोगशाळा, रक्तपेढी आणि द्रव कचरा

रक्ताचे नमुने, कल्चर प्लेट (जंतू वाढवून तपासायच्या बशा), थुंकीचे डबे, वापरलेल्या रक्ताच्या पिशव्या हे जसंच्या तसं गाडीत द्यायचं नाही. प्रयोगशाळेतच आधी निर्जंतुक करायचं, शक्यतो ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात). त्याची तारीख, तापमान, वेळ आणि सही वहीत हवी.

इथेच एक मोठा गोंधळ आहे. प्रयोगशाळेसाठीचा हा नियम लोक सगळीकडे लावतात आणि वॉर्डातल्या पिवळ्या पिशवीतही हायपो (सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक) ओततात. तसं करू नका. जाळायच्या कचऱ्यावर आधी रसायन टाकायचं नाही असं नियम स्पष्ट सांगतो, अपवाद फक्त प्रयोगशाळेतल्या आणि अतिसंसर्गजन्य कचऱ्याचा. हायपोत क्लोरीन असतो, तो भट्टीत गेला की विषारी वायूंना आमंत्रण.

द्रावणाचं प्रमाण अंदाजाने घेतात, म्हणून इथे लिहून देतो. लागतं ते 1 ते 2 टक्के सोडियम हायपोक्लोराइट, आणि किमान 20 मिनिटं.

- कॅनवर 5 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटर हायपोत 4 लिटर पाणी, म्हणजे 1 टक्का.
- कॅनवर 10 टक्के लिहिलं असेल तर 1 लिटरमध्ये 9 लिटर पाणी.
- ब्लीचिंग पावडर 30 टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला सुमारे 33 ग्रॅम.

प्रत्येक खेपेचा कॅन वेगळ्या टक्केवारीचा येऊ शकतो. लेबल वाचल्याशिवाय जुनाच मग वापरायचा नाही. द्रावण रोज ताजं करा, झाकून सावलीत ठेवा. उन्हात आणि उघड्यावर त्याची ताकद उतरते.

सावध: संडास धुवायचं आम्ल आणि हायपो एकत्र करू नका. निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत जीवघेणा ठरू शकतो.

रक्त, स्राव, शल्यक्रियेचं पाणी थेट गटारात सोडायचं नाही; ते सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेतूनच गेलं पाहिजे. यंत्रणा बंद असेल तर ती सुरू होईपर्यंत निर्जंतुक केल्याशिवाय काही सोडू नका, आणि ती बंद असल्याचं वैद्यकीय अधीक्षकांना लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं दुरुस्तीच्या यादीत येत नाही.

## टप्पा 7: बांधणं, लेबल, नेणं

पिशवी तीन चतुर्थांश भरली की तोंड पिळून गाठ मारा. स्टेपलर नको, पिशवी फाटते. न भरलेलीही दिवसाअखेर निघालीच पाहिजे. लेबलवर तारीख, वॉर्ड आणि प्रकार, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने. बारकोडचा स्टिकर वॉर्डातून निघतानाच लावा. खोलीत पन्नास पिशव्या जमल्यावर लावायला बसलात की कुठली पिशवी कुठल्या वॉर्डाची हे कुणालाच आठवत नाही.

नेण्यासाठी झाकणाची ट्रॉली, तीही फक्त याच कामाची. जेवणाची, औषधांची किंवा चादरींची ट्रॉली नको. वेळ ठरवून घ्या: नातेवाईकांच्या भेटीच्या आणि जेवणवाटपाच्या वेळा सोडून. पिशवी अंगाला लावून किंवा खांद्यावर टाकून नेऊ नका. फरशीवरून ओढूही नका.

## टप्पा 8: साठवण आणि गाडी

खोलीला कुलूप, जाळी, धुता येईल अशी फरशी, सांडपाणी यंत्रणेला जोडलेला निचरा आणि गाडी दारापर्यंत येईल असा रस्ता. कुत्री आणि डुकरं आत शिरणार नाहीत याची खात्री पावसाळ्यापूर्वी एकदा करून घ्या. चारही रंगांच्या जागा आखून ठेवा.

48 तास ही शेवटची मर्यादा आहे, वेळापत्रक नाही. शरीराचे अवयव आणि रक्ताळलेला कचरा त्यापुढे ठेवता येत नाही. काही कारणाने ठेवावाच लागला तर दुर्गंधी आणि संसर्ग पसरू नये याची व्यवस्था करून, कारणांसह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. गाडी चुकली की त्याच दिवशी गाडीच्या कंपनीला ईमेल करा आणि प्रत जपून ठेवा. मे महिन्यात 48 तास म्हणजे काय हे खोलीशेजारी राहणाऱ्यांना विचारा.

गाडी आल्यावर प्रत्येक रंगाचं वजन वेगळं करा, काटा रुग्णालयाचा हवा. ड्रायव्हरने सांगितलेला आकडा लिहायचा नाही, आणि कालचा आकडा आज उतरवायचा तर मुळीच नाही. सलग आठ दिवस पिवळं बरोबर 6 किलो, लाल बरोबर 4 किलो दिसलं की तपासणाऱ्याला काय ते कळतं. खरे आकडे तुमच्याच कामाचे असतात: खाटा तेवढ्याच भरलेल्या असताना पिवळं अचानक दुप्पट झालं, तर कुठेतरी साधा कचरा त्यात जातोय किंवा लाल पिशव्या संपल्यात.

तपासा: गाडी गेल्यावर खोली रिकामी आहे, धुतली आहे, कुलूप लागलं आहे. पावती वहीला जोडली आहे.

## टप्पा 9: सांडलं किंवा टोचलं तर

रक्त सांडल्यास: भाग अडवा, ग्लोव्हज घाला. रक्तावर कापूस किंवा जुना पेपर पसरा, वरून 1 टक्का हायपो ओता आणि 20 ते 30 मिनिटं थांबा. मग सगळं गोळा करून पिवळ्यात टाका आणि फरशी पुसा. काच असेल तर चिमट्याने उचला. लोक पहिल्याच मिनिटाला मॉप फिरवतात. त्याने रक्त फक्त पसरतं.

पारा सांडल्यास: झाडू नको, उघडा हात नको. पंखा बंद करा, दोन पुठ्ठ्यांनी थेंब एकत्र करा, सिरिंजने ओढून पाणी असलेल्या बाटलीत घ्या, झाकण लावा. हा धोकादायक कचरा, कुठल्याही रंगीत पिशवीत जात नाही.

सुई टोचल्यास:

1. साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, जखमेवर हायपो किंवा स्पिरिट ओतू नका.
2. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना लगेच सांगा.
3. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची गरज आहे का ते डॉक्टर ठरवतील. पहिला डोस शक्यतो 2 तासांत, 72 तासांनंतर उपयोग नाही. पूर्ण कोर्स 28 दिवसांचा.
4. हिपॅटायटिस बीच्या लसीची स्थिती तपासा. पायाभूत रक्तचाचण्या करा.
5. रजिस्टरमध्ये नोंद.

औषधाचा पहिला डोस कॅज्युअल्टीत, रात्री दोन वाजताही मिळेल असा ठेवा. आयसीटीसीच्या (एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्राच्या) कपाटात कुलूपबंद असेल तर तो सोमवारी सकाळी मिळतो. आणि टोचल्याचं सांगणाऱ्या मावशींना कुणी ओरडलं, तर पुढच्या वेळी कुणीही सांगणार नाही. हे अधिसेविकांनी स्वतः लक्ष घालून सांभाळायचं.

## टप्पा 10: कागद

30 किंवा जास्त खाटा असतील तर कचऱ्याच्या कामावर लक्ष ठेवणारी समिती बंधनकारक आहे, म्हणजे ग्रामीण रुग्णालयालाही. दर सहा महिन्यांनी किमान एक बैठक, आणि तिचं इतिवृत्त वार्षिक अहवालाला जोडायचं. प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी नमुना 2 भरून मिळते; तिची मुदत आणि प्रक्रिया केंद्राशी केलेला करार, दोन्हींच्या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मागच्या कॅलेंडर वर्षाचा वार्षिक अहवाल नमुना 4 मध्ये 30 जूनपर्यंत. सुई टोचण्याच्या घटना त्यातच येतात; मोठा अपघात, म्हणजे गाडी उलटणं किंवा कचरा पाण्यात जाणं, लगेच कळवायचा आणि 24 तासांत नमुना 1 मध्ये लेखी. नोंदी 5 वर्षं जपायच्या.

## गाडी पोचतच नसेल तर

75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्राची सेवा मिळत असेल तर रुग्णालयाने स्वतःची भट्टी किंवा खड्डा करायचा नाही. सेवा पोचतच नाही अशा दुर्गम भागातच, आणि मंडळाची परवानगी घेऊनच, खोल पुरण्याचा खड्डा करता येतो.

खड्डा सुमारे 2 मीटर खोल. भूजल खड्ड्याच्या तळापासून किमान 6 मीटर खाली हवं. वस्ती आणि विहिरीपासून लांब, पुराचं पाणी न येणारी जागा. प्रत्येक वेळी कचरा टाकला की वर 10 सेंटिमीटर माती. निम्मा भरला की पृष्ठभागापासून 50 सेंटिमीटरपर्यंत चुना, उरलेल्यात माती. तोंडावर लोखंडी झाकण किंवा जाळी, जनावर उकरू नये म्हणून. यात फक्त पिवळ्यातले अवयव आणि रक्ताळलेला कचरा जातो. प्लास्टिक नाही, काच नाही. सुयांसाठी सिमेंटचा वेगळा खड्डा करतात. आणि कुठला खड्डा कधी उघडला, कधी बंद केला, नेमका कुठे आहे याचा नकाशा वैद्यकीय अधीक्षकांच्या दप्तरात ठेवा, म्हणजे दहा वर्षांनी नवी इमारत बांधताना जेसीबी तिथे चालणार नाही.